संगीतकाराचा योगक्षेम आणि आपले कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने आम्हांस संगीतावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. संगीताने मन कसे उन्नत होते, भक्ती कशी जागृत होते, हा विषय गोड आहे आणि त्यावर आपण पुष्कळ ऐकलेही आहे. आज आम्ही त्या गोड विषयाच्या पाठीमागे असलेला एक रोकडा विषय हाती घेत आहोत. जो मनुष्य गातो वा वाजवितो त्याची चूल कशावर पेटते, हा तो विषय होय. ज्यास कोठे कायमची नोकरी नाही, दरमहा पगार नाही, निवृत्तिवेतन नाही, केवळ आपल्या कलेवर जो प्रपंच चालवितो, अशा स्वतंत्र संगीतकारास द्रव्यसाहाय्याचा नेमका कोणता उपयोग होतो? आणि तो होत असेल तर ते साहाय्य करणे कोणाचे कर्तव्य आहे? ह्या दोन प्रश्नांचा आज विचार करू.

प्रथम वादकाच्या श्रमाचे स्वरूप पाहू. सुताराने खुर्ची केली की तिचे श्रम डोळ्यांस दिसतात. वादकाचे तसे नाही. लग्नाच्या मांडवात तो तीन तास वाजवितो आणि आपण हिशेब करतो तो त्या तीन तासांचा. त्यापूर्वीची दहा वर्षे, रोजचा रियाज, स्वरलिपी वाचावयास शिकताना गेलेल्या रात्री, ह्यांचा जमाखर्च कोणी मांडीत नाही. शिवाय वाद्य ही जतन करावयाची वस्तू आहे. व्हायोलिनच्या तारा तुटतात, गजाचे केस झिजतात, क्लॅरिनेटची पत्ती फार दिवस टिकत नाही, ट्रंपेटच्या कळा अडू लागतात. पावसाळ्यात लग्ने थांबली की वादकाची मिळकतही थांबते. पोट मात्र थांबत नाही.

अशा मनुष्याच्या हाती थोडे निश्चित द्रव्य आले म्हणजे काय होते? चार गोष्टी होतात. पहिली, त्यास वेळ मिळतो, आणि संगीताचा खरा कच्चा माल वेळ हाच आहे. दुसरी, त्याचे वाद्य आणि शरीर दोन्ही धड राहतात. तिसरी, हलके काम नाकारण्याचे बळ त्याच्या अंगी येते. चौथी, आजारपण वा मंदी आली असता त्यास आपला धंदा सोडून पळावे लागत नाही. ह्या चार गोष्टी पोकळ नव्हेत, हे आता इतिहासाच्या साक्षीने दाखवू.

युरोपातील थोर संगीतकार हायडन १७६१ साली एस्टरहाझी ह्या हंगेरियन सरदार घराण्याच्या चाकरीत रुजू झाला. त्याच्या करारपत्रात त्याने गणवेष घालावा, दररोज धन्याच्या दालनाबाहेर आज्ञेची वाट पाहावी आणि त्याने रचलेले संगीत धन्याच्या मालकीचे असावे, अशा अटी होत्या. भाकर पक्की होती, परंतु मान सेवकाचा होता.

मोझार्टने १७८१ साली साल्झबर्गच्या आर्चबिशपांची चाकरी सोडली व तो व्हिएन्ना शहरात स्वतंत्रपणे राहू लागला. १७८४ सालच्या उपवासकाळात, नाट्यगृहे बंद असताना, त्याने वर्गणीदार जमवून मैफली केल्या. त्या वर्गणीदारांची संख्या पावणेदोनशेच्या आसपास होती. शहरातील बडी मंडळी वर्गणी देत होती तोवर त्याचे बरे चालले. पुढे १७८८ साली ऑस्ट्रिया तुर्कांविरुद्धच्या युद्धात उतरला, सरदार मंडळी शहरातून पांगली आणि वर्गणीदार आटले. त्या वर्षापासून आपल्या एका व्यापारी मित्रास त्याने कर्जासाठी लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. ती वाचताना कोणाही सहृदय मनुष्यास वाईट वाटावे. १७९१ साली व्हिएन्नाच्या संत स्टीफन महामंदिरात त्यास सहायक संगीतप्रमुखाची जागा मिळाली, पण ती बिनपगारी होती. त्याच वर्षीच्या ५ डिसेंबर रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. मंदिराने त्यास जागा दिली, भाकर दिली नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम उच्चारीत आहोत. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता बेथोव्हेनची कथा ऐका. १८०८ साली वेस्टफालियाच्या राजाने, म्हणजे नेपोलियनच्या धाकट्या भावाने, त्यास कासेल येथे मोठ्या पगाराच्या जागेवर बोलाविले. बेथोव्हेन व्हिएन्ना सोडून जाणार हे पाहून तीन रसिक पुढे आले. आर्चड्यूक रुडॉल्फ, प्रिन्स लोबकोविट्झ आणि प्रिन्स किन्स्की हे ते तिघे होत. १ मार्च १८०९ रोजी त्यांनी लेखी करार करून दिला. रुडॉल्फने वर्षास १,५०० फ्लोरिन, किन्स्कीने १,८०० व लोबकोविट्झने ७०० असे मिळून ४,००० फ्लोरिनांचे वर्षासन द्यावे, आणि बेथोव्हेनने देश सोडू नये, एवढीच अट. अमुक राग रच, तमुक दिवशी वाजीव, अशी एकही अट त्यात नव्हती. चाकरी आणि साहाय्य ह्यांतील भेद येथे लख्ख दिसतो. चाकरी देणारा काम विकत घेतो. साहाय्य करणारा काम करणाऱ्यास मोकळे करतो.

परंतु ह्या कथेचा उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. १८११ साली ऑस्ट्रियन सरकारने कागदी चलनाची किंमत एकदम एकपंचमांशावर आणली. १८१२ साली किन्स्की घोड्यावरून पडून मरण पावला. लोबकोविट्झ कर्जात बुडाला. बहिऱ्या होत चाललेल्या ह्या कलावंतास आपल्या वर्षासनासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि १८१५ साली तडजोड होऊन त्यास वर्षास ३,४०० फ्लोरिन मिळू लागले. ते मिळाले ते करार लेखी होता म्हणूनच. तिघांच्या तोंडी आश्वासनांवर विसंबला असता तर दोघांचे द्रव्य कायमचे बुडाले असते.

तिघांपैकी आर्चड्यूक रुडॉल्फ हे १८१९ साली ओल्म्युट्झचे आर्चबिशप झाले. त्यांच्या अधिकारग्रहणासाठी बेथोव्हेनने 'मिस्सा सोलेम्निस' रचावयास घेतली. सोहळा १८२० च्या मार्चमध्ये झाला, आणि मिस्सा हाती पडली ती १८२३ साली, म्हणजे तीन वर्षे उशिरा! परंतु ज्याने वेळ विकत घेऊन दिला त्यानेच उशीर सोसला, आणि जगास ती अमर कृती लाभली. तिच्या हस्तलिखित प्रती प्रत्येकी ५० डुकाटांना देण्याचे बेथोव्हेनने जाहीर केले तेव्हा अवघे दहा वर्गणीदार मिळाले. पुढे १८२७ साली तो मृत्युशय्येवर असताना लंडनच्या फिलहार्मॉनिक सोसायटीने त्यास १०० पौंड पाठविले. संगीताचे मोल जाणणारी एक संस्था परदेशात होती, म्हणून त्याचे शेवटचे दिवस चिंतेने अधिक काळवंडले नाहीत.

आणखी एक उदाहरण देतो. रशियातील चायकोव्हस्की मॉस्कोच्या संगीतविद्यालयात अध्यापन करून पोट भरीत असे. नादेझ्दा फॉन मेक ह्या श्रीमंत विधवा बाईंनी त्यास वर्षास ६,००० रूबल देण्यास सुरुवात केली, आणि १८७८ साली त्याने शिक्षकाची नोकरी सोडून सर्व वेळ रचनेस वाहिला. दोघांत शेकडो पत्रे झाली, परंतु भेट घ्यावयाची नाही असा त्यांचा परस्परांत संकेत होता. उपकारकर्त्याने उपकृतास आपल्या दिवाणखान्यात मिरवू नये, हा धडा ह्या बाईंपासून घेण्याजोगा आहे. तथापि १८९० साली हे साहाय्य अकस्मात थांबले. तोवर चायकोव्हस्कीस झारकडूनही निवृत्तिवेतन मिळू लागले होते व त्याची कीर्ती पसरली होती, म्हणून तो सावरला. एका खांबावर उभारलेले घर तो खांब जाताच कोसळते. अनेक खांबांवरचे तगून राहते.

श्रोतेहो, आपण म्हणाल की ह्या राजेरजवाड्यांच्या गोष्टी आम्हां गरिबांस काय कामाच्या? म्हणून आता घरच्या गोष्टी सांगतो.

आपल्या महाराष्ट्रातही दरबार होतेच. अल्लादियाखाँसाहेब कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयास होते आणि १९२२ साली महाराज निवर्तल्यावर त्यांनी मुंबईची वाट धरली. दुसरीकडे विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेचे संस्थानी छत्र स्वतःहून सोडले, तिकिटे लावून जाहीर मैफली केल्या आणि १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. राजाच्या मर्जीऐवजी लोकांच्या वर्गणीवर संगीत उभे करावयाचे, असा हा धाडसी प्रयोग होता. विद्यार्थ्यांस अन्नवस्त्र देऊन त्यांनी तयार केले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचेच शिष्य. परंतु मुंबईस बांधलेल्या इमारतीचे कर्ज फिटेना, आणि अखेर ती वास्तू हातची गेली. भिंती गेल्या, शिष्य उरले, आणि त्या शिष्यांनी महाराष्ट्रभर संगीत पोचविले. इमारतीत घातलेला पैसा आणि माणसांत घातलेला पैसा, ह्यांतील अधिक टिकाऊ कोणता, ह्याचा निवाडा आपणच करावा.

गोव्यात तर आपल्या चर्चनेच संगीतकार घडविले. पोर्तुगीज अमदानीत तेथील धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांस स्वरलिपी वाचावयास, गावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. गरिबाच्या मुलास हे शिक्षण घरबसल्या मिळे. तीच मुले पुढे मुंबईस आली. धोबी तलाव परिसरात त्या त्या गावच्या लोकांनी वर्गणीतून चालविलेली 'कूड' नावाची वसतिगृहे होती. तेथे अल्प भाड्यात पथारी टाकावी, काम मिळेपर्यंत तग धरावा आणि काम मिळाले की नव्याने आलेल्यास जागा करून द्यावी, अशी ती व्यवस्था होती. मुंबईतील हॉटेलांची वाद्यवृंदे आणि हिंदी चित्रपटांचे संगीत ह्या माणसांच्या बोटांवर उभे राहिले. कूड म्हणजे काही राजाश्रय नव्हे. परंतु चार दमड्यांचे, योग्य वेळी मिळालेले आणि मान राखून दिलेले ते साहाय्यच होते.

गोव्यातील माजोर्डा गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे ह्याच परंपरेतले. त्यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद ह्यांचा मेळ घालणारी मैफल केली. केवढे मोठे स्वप्न! परंतु मोठा वाद्यवृंद वर्षानुवर्षे पोसावयाचा तर त्यास कायमचा आधार हवा. तो त्या काळी उभा राहिला नाही, आणि १९६५ साली ते अमेरिकेस गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी १९७७ सालच्या एका चित्रपटगीतात गुरूचे नाव गोवून ते घरोघर पोचविले. लोकांस नाव पाठ झाले. त्या नावामागचा मनुष्य कोण, हे फार थोड्यांस ठाऊक होते.

आजची स्थिती काय आहे? २०१२ साली आपल्या देशात स्वामित्वहक्काच्या कायद्यात सुधारणा झाली आणि चित्रपटगीतांचे कवी व संगीतकार ह्यांस गीताच्या पुढील वापरातून वाटा मिळण्याचा हक्क पक्का झाला. ही मोठी न्यायाची गोष्ट होय. परंतु ध्वनिमुद्रणात साथ करणाऱ्या वादकास बहुधा एका सिटिंगचा ठरीव मोबदला मिळतो आणि तेथेच हिशेब मिटतो. गाणी आता इंटरनेटवरून ऐकली जातात. स्पॉटिफाय ह्या कंपनीने तर २०२४ पासून असा नियम केला आहे की, वर्षभरात किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्यास तिच्या मोबदल्यातून वाटा मिळू नये. नवख्या गायकाने अशा मिळकतीवर घर कसे चालवावे?

तरी आशेला जागा आहे. मोझार्टचे वर्गणीदार नव्या रूपाने परत येत आहेत. २०१३ साली अमेरिकेत पेट्रिऑन नावाची एक व्यवस्था निघाली. तिचा एक संस्थापक स्वतःच संगीतकार होता. आवडत्या कलावंतास रसिकांनी दरमहा थोडी रक्कम द्यावी, अशी ती योजना आहे. शंभर जणांनी दरमहा शंभर रुपये दिले तर दहा हजार होतात, आणि त्यांतील पाच जण गळाले तरी चूल विझत नाही. आयर्लंडच्या शासनाने २०२२ साली २,००० कलावंत व कलाक्षेत्रातील कामगार सोडतीने निवडून त्यांस आठवड्यास ३२५ युरो देण्याचा प्रयोग सुरू केला. त्यांत संगीतकारही होते. चाकरी नाही, काम दाखविण्याची अट नाही. बेथोव्हेनच्या वर्षासनाचेच तत्त्व एका राष्ट्राने अंगीकारिले.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. काही सज्जन म्हणतात, देवासाठी वाजवावयाचे त्याचे पैसे कसले? ह्यास आमचे उत्तर असे की, जो स्वखुशीने सेवा म्हणून वाजवितो त्याचे पुण्य थोर आहे, आणि आमच्या गायकवृंदातील पुष्कळ मंडळी तसेच करतात. परंतु ज्याचा चरितार्थ वाद्यावर आहे त्याच्या त्यागाचा निर्णय आपण घ्यावयाचा नसतो. तो त्याचा त्याने घ्यावयाचा असतो. दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या दानास दान म्हणत नाहीत. मेणबत्तीवाल्यास, मांडववाल्यास, विजेच्या कंपनीस आपण बिनतक्रार पैसे मोजतो. वादकापुढेच आपल्याला भक्तिभाव आठवतो. १८९१ साली तेराव्या लिओ पोपमहाशयांनी न्याय्य वेतनाचा प्रश्न जगापुढे मांडला. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील २३१ वे कलम तर स्पष्टच सांगते की, चर्चच्या विशेष सेवेस वाहून घेतलेल्या प्रापंचिकांस स्वतःचा व कुटुंबाचा निर्वाह होईल असे यथायोग्य वेतन मिळण्याचा हक्क आहे. मोझार्टविषयी आम्ही मघाशी जे वाक्य उच्चारिले ते ह्या कलमाशेजारी ठेवून पाहावे.

दुसरा आक्षेप असा की, पैसा मिळाला म्हणजे कलावंत आळसावतो. बाखकडे पाहा. लायप्झिग येथे चर्चचा संगीतप्रमुख असताना १७३० साली त्याने एका जुन्या मित्रास पत्र लिहिले. आपल्या मिळकतीचा मोठा भाग अंत्यविधींच्या दक्षिणेवर अवलंबून आहे आणि शहराची हवा निरोगी असली म्हणजे आपण तोट्यात जातो, अशा आशयाची तक्रार त्यात आहे. शेजाऱ्यांच्या मरणावर ज्याची भाकर अवलंबून त्याची ही स्थिती हसण्यासारखी वाटते, पण आपल्या बँडवाल्यांची स्थिती निराळी आहे काय? २०२० साली टाळेबंदीत लग्ने बंद पडली तेव्हा ह्याच धर्मग्रामातील एका वादकाने आपला ट्रंपेट विकला. आज तो एका गोदामात रात्रपाळीस जातो. तो आळसाने वाजवावयाचा थांबला नाही. वाद्य उरले नाही म्हणून थांबला. त्यावेळी चार-पाच महिन्यांचा आधार मिळता तर आज व्यासपीठाच्या उजव्या बाजूस एक स्वर अधिक ऐकू आला असता.

म्हणून ह्या महोत्सवाच्या प्रसंगी आम्ही पाच सूचना मांडतो. एक, लग्न, सण, मिरवणूक, अंत्यविधी ह्यांसाठी वादकाची बिदागी आधी ठरवावी, कागदावर लिहावी आणि त्याच दिवशी हातात द्यावी. 'उद्या या' हा शब्द वर्ज्य समजावा. दोन, महोत्सवनिधीचा दहावा हिस्सा वाद्यांच्या दुरुस्तीसाठी व गरजूंस उसनी वाद्ये देण्यासाठी वेगळा काढावा. तीन, दरवर्षी दोन होतकरू मुलामुलींच्या शिक्षकाची फी आपण भरावी. चार, आजारपण व मंदी ह्यांसाठी शंभर घरांनी दरमहा अल्प वर्गणी द्यावी. ती एका धनिकावर सोडू नये. तसे का, हे किन्स्की व फॉन मेक ह्यांच्या कथांनी सांगितलेच आहे. पाच, साहाय्य घेणाऱ्याचे नाव फलकावर लावू नये आणि त्याने काय वाजवावे हेही आपण सांगू नये.

ह्या निधीतून मंदिराच्या दर्शनी भागास नवा संगमरवर बसवावा असा एक विचार समितीपुढे आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. संगमरवरास आमचा विरोध नाही. केवळ इतकेच विचारतो की, त्या सुंदर दारातून आत आल्यावर पुढच्या पन्नास वर्षांत आपणांस काय ऐकावयाचे आहे? दगड एकदा घेतला की पुरतो. वादकास वाढावयास वीस वर्षे लागतात आणि त्या वीस वर्षांत त्यास दररोज जेवावे लागते. निधीचा निर्णय येत्या सभेत व्हावयाचा आहे. तेथे येताना हा हिशेब मनाशी धरून यावे, एवढी विनंती आहे.